दोघं आले, एक गेला

जनावराला मोजता येत नाही, या एका गोष्टीवर फोटोवाल्याचा सगळा छंद उभा होता. धंदा वेगळा. मुख्य रस्त्यावर त्याचा स्टुडिओ होता. तिथे तो पासपोर्टचे फोटो काढायचा, लग्नात रुसलेल्या आत्या-मामांना हसवायचा आणि रडक्या पोरांसमोर खुळखुळा नाचवायचा. रविवार आला की शटर खाली ओढून, गावाच्या पाठीशी सुरू होणाऱ्या वाळवंटात निघून जायचा. तिथे कुणाला हसा म्हणावं लागत नाही, याचंच त्याला मोठं सुख होतं.

तर मोजण्याची गोष्ट. रानातल्या जनावराचा जवळून फोटो हवा असेल तर लपण लागतं. लपण म्हणजे वाळूच्या रंगाच्या कापडाची बुटकी राहुटी, पुढे लेन्सपुरतं भोक, मागे नाडीने बांधायचा पडदा. पण माणूस आत शिरताना जनावर कुठूनतरी बघतच असतं. मग ते दिवसभर बाहेर येत नाही आणि माणूस आत भाजून निघतो. म्हणून दोघांनी जायचं, मोठमोठ्याने बोलत, हातवारे करत. दोघांनी आत शिरायचं. थोड्या वेळाने एकाने बाहेर पडून तसंच बडबडत लांब चालत जायचं. जनावर समजतं, माणसं आली होती, गेली. एक उरलाय हे त्याच्या हिशेबात येत नाही.

निघून जायचं काम साडूकडे होतं. हा साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, पेशाने शिंपी, अंगाने भरलेला आणि तोंडाने त्याहून भरलेला. लपणाचं कापड त्यानेच बेतलं, शिवलं. फोटोवाल्याचे शर्टही तोच शिवायचा; दुसरा शिंपी परवडला नसता. थोरलीने घरात पाय ठेवू दिला नसता.

"तुमच्या छंदात माझं काम काय, तर चालतं व्हायचं," साडू म्हणायचा. "सासरीही मला एवढंच काम असायचं. माणूस एकदा ज्याला लायक ठरला, त्याला ठरला."

बडबडत तो खडकाच्या उंचवट्यापलीकडे ठेवलेल्या जीपपर्यंत जायचा, तिथून दोनदा हॉर्न वाजवायचा आणि सावलीत आडवा व्हायचा. हॉर्न ही त्याचीच भर. 'तुमच्या बाईसाहेबांना नीट कळू दे, आम्ही निघालो,' असं त्याचं म्हणणं. सुरुवातीला फोटोवाला चिडला होता. मग त्याच्या लक्षात आलं, की हॉर्न वाजला की बाईसाहेब खरोखरच बाहेर येतात.

बाईसाहेब म्हणजे कानवाली. अंगाने तांबूस, उभ्या कानांच्या टोकांना काळ्या केसांचे झुपके असलेली रानमांजर. मांजर म्हणायचं आपलं, उंची चांगल्या कुत्र्याएवढी. आयुष्य वाळवंटात काढलेल्या माणसांनाही ती एखाददुसऱ्या वेळीच दिसते, तीही पाठमोरी. फोटोवाल्याला ती कोरड्या ओढ्याच्या दरडीत, ढासळलेल्या दगडांखाली सापडली. पोटुशी होती. त्या दिवसापासून त्याने दुसरं काही बघितलं नाही.

पहिल्यांदा लपण लांब लावलं. दर खेपेला थोडं पुढे सरकवलं. वासाची भीती जावी म्हणून अंगातला घामेजलेला शर्ट निघताना लपणाच्या काठीला अडकवून ठेवायचा, आठवडाभर तिथेच. वारा तो वास दरडीत नेऊन पोचवायचा. बायको म्हणायची, "अहो, माझी सवत तुमचे शर्ट वापरते, धुवायला मात्र माझ्याकडे." हसतच म्हणायची, पण कपाटातले शर्ट मोजायचीही.

पिल्लं झाली, दोन. त्यांनी डोळे उघडले ते या माणसाच्या वासात. आईला जे महिने लागले ते पिल्लांना लागलेच नाहीत. एका रविवारी त्यांतलं धीट पिल्लू डुलत डुलत आलं आणि लपणावर लटकणाऱ्या शर्टाची बाही दातात धरून ओढायला लागलं. मागे आई पाय पसरून बसलेली, डोळे अर्धे मिटून. आतल्या माणसाने कॅमेऱ्याचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. इतका आनंद आपल्याला लग्नात झाला नव्हता, हे त्याने नंतर साडूला सांगितलं. साडूने ते थोरलीला सांगितलं आणि पुढे घरात व्हायचं ते झालं.

तो फोटो एका मोठ्या मासिकाने छापला. फोटोवाल्याने त्याची दारभर मोठी प्रत काढून स्टुडिओत, काउंटरच्या मागच्या भिंतीवर लावली. जागा कुठली हे मात्र जिवलगालाही सांगितलं नाही. मासिकाला फोटो पाठवताना कॅमेऱ्याने त्यात आपोआप नोंदवलेलं ठिकाण पुसून टाकलं. कुणी विचारलंच तर उलट्या दिशेला हात दाखवायचा. जागेच्या बाबतीत माणूस चोख होता. भोवलं ते दुसरंच.

एक गिऱ्हाईक पासपोर्ट फोटोला आलं. किडकिडीत, स्वच्छ दाढी केलेला, मऊ बोलणारा माणूस. फोटो काढून झाला तरी जाईना. भिंतीवरच्या पिल्लाकडे बघत उभा राहिला.

"हे एवढं जवळ आलं कसं हो?" त्याने विचारलं. "लेन्सची करामत असेल."

झालं. फोटोवाल्याला कुणी वाईट म्हटलं असतं तर त्याने सोसलं असतं, लेन्सला श्रेय दिलेलं कसं सोसणार? त्याने स्टूल पुढे ओढलं, चहा मागवला आणि सगळं सांगितलं. दोघांनी जायचं आणि एकाने यायचं, हॉर्न, शर्ट, सगळं. पाहुणा मान डोलवत ऐकत होता. मधेच एकदा उठून फोटोजवळ गेला. पण पिल्लाकडे बघत नव्हता. मागे धूसर आलेली डोंगराची रेघ होती, तिच्यावरून त्याने हळूच बोट फिरवलं.

"दोन दिवसांनी फोटो घ्यायला येतो," म्हणाला, आणि आला नाही. त्याचे फोटो पाकिटात घालून खणात पडून राहिले. विसरणारी गिऱ्हाइकं असतातच.

त्यानंतरच्या रविवारी काठीवर शर्ट नव्हता. निळ्या चौकड्यांचा, बऱ्यापैकी नवा. वाऱ्याने नेला असेल, असं फोटोवाला म्हणाला. साडूने काठीकडे पाहिलं. "बटणं लावून अडकवला होता आपण. वाऱ्याने बटणं काढून नेला?" फोटोवाल्याने लक्ष दिलं नाही, ऊन चढत होतं आणि उजेड वाया चालला होता.

पुढच्या रविवारी दुसरी गोष्ट. लपणाभोवतीची वाळू सपाट होती. त्यांची स्वतःची मागच्या खेपेची पावलंही नव्हती, कानवालीचीही नव्हती. वाऱ्याने वाळूवर बारीक लाटा उठतात. इथे फांदीने झाडल्यासारख्या रेघा होत्या, एका दिशेने, नीट. हे मात्र त्याने बघितलं. वाकून एका रेघेवर बोट ठेवलं. मग दरडीतून दोन छोटे कान वर आले आणि तो सगळं विसरून कॅमेऱ्याला चिकटला. माणूस वेडा झाला की असाच होतो. समोरचं बारीकसं दिसतं आणि पायाखालचं दिसत नाही.

आणि त्यानंतरच्या रविवारी ही गोष्ट घडली.

दोघं जीप उभी करून उंचवट्यावर चढले. दुपार उतरायला लागली होती. खाली मुरमाड सपाटी, तिच्या टोकाला कोरडा ओढा, दरड, आणि दरडीसमोर त्यांचं लपण. त्या सपाटीवरून एक माणूस चालत चालला होता. त्यांच्याकडे नव्हे, पलीकडे, लांबच्या टेकाडांकडे. एकटाच. हात हलवत, मोठ्याने बोलत. शब्द कळत नव्हते, आवाज तेवढा येत होता.

"कोण हो हा?" साडू म्हणाला. "फोनवर भांडतोय वाटतं. बायको असणार."

"इथे रेंज येत नाही," फोटोवाला म्हणाला.

म्हणाला आणि तसाच उभा राहिला. साडूही हसायचा थांबला. आजवर जे काम त्याने स्वतः केलं होतं, ते लांबून कसं दिसतं हे त्याने पहिल्यांदाच पाहिलं. मोकळ्या सपाटीवर एक माणूस, कुणीच नसताना, कुणालातरी ऐकू जावं म्हणून बोलत निघाला होता.

"साडूभाऊ," साडू हलक्या आवाजात म्हणाला, "एक गेला. मग दुसरा कुठाय?"

फोटोवाल्याने दुर्बीण लावली. लपण जसंच्या तसं होतं. पण मागचा पडदा नाडीने बांधलेला नव्हता, आणि तो कधीच तसा सोडत नसे. फटीतून कापडाचा एक तुकडा दिसत होता. त्याने दुर्बीण साडूच्या हातात दिली.

साडूने पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "निळ्या चौकड्या," म्हणाला. "खांद्यावर चौकडी जुळवायला मी अर्धी दुपार घालवली होती. तो तुमचा शर्ट आहे. आत माणूस आहे."

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो हा. लपण फोटोवाल्याचं, शर्ट त्याचा, जनावराचा भरवसा त्याने महिनोन्महिने खपून कमावलेला. त्या माणसाला फक्त येऊन बसायचं होतं. बंदूक नको, सापळा नको. पिल्लू स्वतःच्या पायांनी येऊन बाही ओढणार होतं. अशी पिल्लं जिवंत पकडून नेणाऱ्यांबद्दल फोटोवाल्याने ऐकलं होतं. ती कुणाच्या तरी अंगणात साखळीला मरतात, हेही ऐकलं होतं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

अजून बिळातून कुणी बाहेर आलं नव्हतं. तेवढंच नशीब. कानवाली घाबरून आत राहिली पाहिजे, पिल्लांना घेऊन आत. मोठा आवाज हवा होता. आणि घाबरलेल्या डोक्यात जे पहिलं आलं ते त्याने बोलून टाकलं.

"हॉर्न वाजवा. पळा. जोरात वाजवा."

साडू एवढ्या वेगाने धावू शकतो हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यालाही नसावं. तो खाली घसरत गेला. जीपचं दार वाजलं. मग हॉर्न वाजला, दोनदा, सवयीने दोनदाच.

दरडीतून कानवाली बाहेर आली.

दर रविवारसारखी. आळस दिला, पुढचे पाय ताणले आणि वळून बिळाकडे पाहिलं. माणसं गेली, हे तिला त्या आवाजानेच तर शिकवलं होतं. तिच्या मागून दोन्ही पिल्लं आली. धीट पिल्लाने तर बाहेर येताच लपणाकडे तोंड केलं.

आपण काय केलं ते फोटोवाल्याला कळलं, एकदम आणि पुरतं. तो कॅमेरा तिथेच टाकून उतारावरून धावत सुटला. ओरडत होता. "जा, आत जा, पळ." कानवालीने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा अंग चाटायला लागली. ओरडणारी, हातवारे करणारी माणसं तिने पुष्कळ पाहिली होती. ती येतात आणि जातात. आणि या माणसाचा वास तर तिच्या घरातलाच होता.

ओढ्याशी पोचेपर्यंत त्याचा श्वास संपला. धीट पिल्लू लपणापासून चार उड्यांवर होतं. कापडाखालून एक हात बाहेर आला होता. पुढे झाला नाही, नुसता वाळूवर पडून राहिला, तळवा वर करून, अगदी सवडीने. मनगटावर निळ्या चौकड्यांचा कफ होता.

फोटोवाल्याने दगड उचलला.

पहिला त्याने हवेत टाकला, कानवालीच्या पुढे. तिने वास घेतला. दुसरा जवळ पडला. ती उठून उभी राहिली, पण पळाली नाही. मान वाकडी करून त्याच्याकडे बघत राहिली, आपल्या पोराने चापट मारल्यावर आई बघते तशी. तिसरा दगड त्याने नेम धरून मारला. तो मागच्या मांडीवर बसला. तो आवाज त्याला पुढे किती दिवस ऐकू येत होता, ते विचारू नये.

ती कोसळली, उठली, आणि त्याच्याकडे तोंड करून फिस्कारली. कान मागे चपटे झाले, काळे झुपके दिसेनासे झाले. हा चेहरा त्याने कधी पाहिला नव्हता. जवळचं पिल्लू तिने मानेला धरून उचललं आणि लंगडत दरडीवर चढली. वर थांबली. दुसऱ्याला हाक दिली, बारीक, पक्ष्यासारखी.

धीट पिल्लू गोंधळलं होतं. हाकेकडे पाहिलं, मग लपणाकडे पाहिलं, आणि शेवटी धावत आलं ते फोटोवाल्याकडेच. त्याच्या बुटाला अंग घासलं. वाळवंटात सगळीकडे भीती पसरली की लहान जिवाने ओळखीच्या वासाकडे जायचं, तसं ते गेलं. वरून आई बोलावत होती. लपणाचा पडदा हलला.

त्याला ते उचलून छातीशी धरता आलं असतं. त्याला तेच हवं होतं, खरं सांगायचं तर पहिल्या दिवसापासून तेच हवं होतं. त्याने वाकून पिल्लाला मानेला धरलं आणि दोन-चार हात दूर वाळूवर फेकलं. ते धडपडत उठलं आणि परत त्याच्याचकडे यायला निघालं. त्याने मूठभर खडे उचलून त्याच्या तोंडावर मारले. तो रडत होता. रडत रडत आणखी एक मूठ मारली. तेव्हा कुठे पिल्लाचे कान चपटे झाले. इवलं तोंड उघडून ते आईसारखंच फिस्कारलं, आणि दरडीकडे पळालं.

तिघंही खडकांत दिसेनाशी झाली, तोवर साडू धापा टाकत पोचला होता. हातात जीपचा लोखंडी पाना होता. लपणाच्या मागून तो माणूस बाहेर आला आणि गुडघ्यांवरची वाळू झटकायला लागला. स्वच्छ दाढी केलेला तोच मऊ चेहरा. शर्ट त्याला खांद्यात ढगळ होत होता.

"उगाच मारलंत बिचाऱ्यांना," तो म्हणाला. "मी तर हातसुद्धा लावला नव्हता."

साडूने पाना उचलला. "शर्ट काढ."

"इथे पडला होता. तुमचा आहे हे कशावरून?"

"मी शिवलाय."

तो माणूस हसला. शर्ट काढला नाही. लांबच्या टेकाडाखाली धुळीचा लोट उठला होता. निघून गेलेला आता गाडी घेऊन येत होता. माणसाने तिकडे एकदा पाहिलं आणि निवांत चालायला लागला. थोडं जाऊन वळला. "पाणी एकाच ठिकाणी आहे इकडे," तो म्हणाला. "लंगडणारं जनावर लांब जात नाही. तुमच्यासारखा माणूस होता म्हणून जमलं होतं. आता वेळ लागेल, एवढंच."

वनखात्याच्या कचेरीत फोटोवाल्याने खणातलं पासपोर्ट फोटोंचं पाकीट नेऊन दिलं. साहेबाने फोटो उलटसुलट पाहिले. "फोटो चांगला आलाय," म्हणाला. "पण गुन्हा काय लिहू? दुसऱ्याचा शर्ट घातला? आणि दगड कुणी मारला म्हणालात?" पाणवठ्यावर गस्त वाढवतो म्हणाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर फोटोवाला तरी कुठला संन्यासी?

दुकानातला दारभर फोटो त्याने उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला. लपणाचं कापड साडूने उसवलं. रविवारी पुन्हा दोघं निघाले तेव्हा बायको दारात उभी राहिली. "आता कशाला जाता?" तिने विचारलं. त्याला नीट सांगता आलं नाही, पण सांगितलं. तो शर्ट अजून त्या माणसाच्या अंगावर आहे. माझा वास घालून तो पुन्हा कानवालीसमोर जाऊन बसणार. या वासाची तिची भीती विरता कामा नये.

बायको आत गेली, आणि आदल्या दिवशीचा न धुतलेला शर्ट आणून त्याच्या हातात दिला. "मग हा घाला," म्हणाली.

तेव्हापासून दर रविवारी दोघं पाणवठ्याच्या वरच्या अंगाला जाऊन बसतात. लपत नाहीत, बोलत नाहीत. कॅमेरा नेत नाहीत. फोटोवाल्याच्या खिशात खडे असतात. कधी कानवाली येतच नाही. कधी वारा तिच्याकडे वाहतो आणि ती लांबूनच थबकते, मागचा पाय किंचित उचललेला. पिल्लं तिच्या आडून बघतात. त्यांचेही झुपके आता लांब झाले आहेत. तेवढ्या वेळात तो डोळे भरून बघून घेतो. मग उठतो आणि खडा मारतो.

दोघं गेले की दोघंही परत येतात. घरी बायको दार उघडते, त्याचा चेहरा बघते आणि एकच विचारते.

"पळाली?"

"पळाली," तो म्हणतो. "या खेपेला मी हात उचलायच्या आधीच."

"बरं झालं," ती म्हणते, आणि शर्ट धुवायला न टाकता खुंटीला अडकवते.